घाटात सीव्हीटी: दोन पावसाळ्यांनंतर

रत्नागिरीत ऑटोमॅटिक गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला: "घाट चढते काय ओ?" चढते, चांगली चढते. आंबा घाट, परशुराम घाट आणि वाडीतल्या अरुंद चढणी दोन पावसाळे केल्यावर सांगतोय. जपायचं ते उताराला आणि ऑइलला.

सीव्हीटी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचाच एक प्रकार. त्यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुल्या आणि त्यांवर एक पट्टा. पुलीच्या दोन शंकूसारख्या बाजू जवळ आल्या की पट्टा वर चढतो, लांब गेल्या की खाली बसतो आणि गिअर रेशो सलग बदलत राहतो. ॲक्टिव्हात तत्त्व हेच, पण पट्टा रबरी. बहुतेक कारमध्ये तो पोलादाच्या शेकडो पातळ तुकड्यांचा असतो, आणि ओढून नव्हे तर ढकलून ताकद पोचवतो. त्याला पुली ऑइलच्या दाबानं पकडून ठेवते. ऑइल जळकं किंवा चुकीचं असेल तर पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे पडतात आणि मग गिअरबॉक्सच बदलायची वेळ येते.

म्हणून "कुठलंही ऑटोमॅटिकचं ऑइल चालतं" म्हणणाऱ्या गॅरेजातून सरळ गाडी बाहेर काढा. होंडाला एचसीएफ-२, निसानच्या बऱ्याच गाड्यांना एनएस-३. आपल्या गाडीचं मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. "आयुष्यभर बदलावं लागत नाही" यावर माझा विश्वास नाही. घाट, उकाडा, भरलेली गाडी हा कठीण वापरच. मॅन्युअलमध्ये कठीण वापराचा वेगळा हिशेब दिला असेल तर तोच धरा. पातळीही ठरलेल्या तापमानालाच बघायची असते, अंदाजानं ओतून चालत नाही.

आंबा घाटातून साखरप्याकडे उतरताना गिअरचा दांडा डीमध्ये, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हमध्ये, ठेवला तर गाडी मोकळी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मी वरूनच एसला (स्पोर्ट) टाकतो. काही गाड्यांत त्याजागी एल (लो) किंवा बी (ब्रेक) असतं. इंजिनचा आवाज वाढतो, वाढू दे. गाडी इंजिननं धरली जाते, ब्रेक तापत नाहीत. चढावर उलट: पाय एकदम दाबला की आवाज आधी, वेग मागून. तो बिघाड नाही. पाय अलगद वाढवला की ती छान खेचते.

दाभोळच्या फेरीबोटीसाठी उतारावर रांगेत थांबलात तर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, आतलं ऑइल नाहक तापतं. ब्रेक धरा. पार्क करताना आधी हँडब्रेक, मग पी (पार्क). नाहीतर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या छोट्या खिट्टीवर येतं.

चिपळूणकरांना २०२१ च्या जुलैतला महापूर सांगायला नको. गाडी पाण्यात बुडाली तर स्टार्ट करू नका आणि पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढूही देऊ नका. इंजिन बंद असताना ऑइलचा पंप फिरत नाही, आतले भाग कोरडे घासतात. सपाट ट्रकच मागवा, आणि गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये पाणी शिरलंय का हे तपासल्याशिवाय चावी फिरवू नका.