एनएमएमएसचे मार्गदर्शक: बुद्धिमत्तेत पक्के, माहितीत कच्चे

आमच्या अनुदानित शाळेतील आठवीच्या मुलांसाठी गेल्या जुलैत अप्पा बळवंत चौकातून राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एनएमएमएसच्या, एका मार्गदर्शकाच्या पाच प्रती आणल्या. प्रकाशनाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. परंतु वर्षभर वापरल्यानंतर पुस्तकाबद्दल चार गोष्टी लिहिणे आवश्यक वाटते.

बौद्धिक क्षमता चाचणीचा भाग खरोखर उत्तम आहे. या पेपरात 90 मिनिटांत 90 प्रश्न सोडवायचे असल्याने मुलांना रीतीपेक्षा वेग महत्त्वाचा वाटतो, आणि बहुतेक मार्गदर्शके थेट युक्त्या देऊन मोकळी होतात. हे पुस्तक तसे करत नाही. आरशात घड्याळ 4:35 दाखवत असेल तर खरी वेळ कोणती, या प्रश्नात ते आधी घड्याळ काढायला लावते, कागद उलटून उजेडात धरायला सांगते आणि मगच 11 वाजून 60 मिनिटांमधून वजाबाकी करून 7:25 कसे येतात ते दाखवते. एकदा कागद उलटून पाहिलेले मूल ही वजाबाकी विसरत नाही, हा आमचा अनुभव आहे.

शालेय क्षमता चाचणीचा भाग मात्र घाईत उरकलेला दिसतो. या पेपरात विज्ञानाला 35, समाजशास्त्राला 35 आणि गणिताला 20 गुण असताना या भागातील निम्म्याहून अधिक पाने गणितानेच अडवली आहेत. इतिहास आणि भूगोल हे प्रत्येकी 15 गुणांचे विषय. त्यांच्या वाट्याला पाठ्यपुस्तकातून उचललेली एका ओळीची प्रश्नोत्तरे आली आहेत. उत्तरसूचीही बेभरवशाची आहे. 1 जानेवारी 2024 रोजी सोमवार असेल तर 1 जानेवारी 2025 रोजी कोणता वार, याचे उत्तर तिच्यात मंगळवार छापले आहे. 2024 हे लीप वर्ष असल्याने वार दोनने पुढे सरकतो आणि बुधवार येतो, हे वर्गातील एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवले. (तिला त्या दिवशी झालेला आनंद पाहता चूक अगदीच वाया गेली असे म्हणवत नाही.)

खरी तक्रार आहे ती सुरुवातीच्या माहितीच्या पानाविषयी. मुखपृष्ठावर ‘नवीन आवृत्ती’ असे ठळक छापूनही आत शिष्यवृत्ती दरमहा 500 रुपये आणि पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा दीड लाख रुपये हीच जुनी माहिती आहे. प्रत्यक्षात नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात आणि उत्पन्नमर्यादा साडेतीन लाख रुपये आहे. वर्षाला दोन लाखांच्या आत-बाहेर कमावणाऱ्या एका पालकांनी हे पान वाचून ‘सर, मग आम्ही यात बसत नाही’ असे म्हणत अर्ज परत केला होता. घरी जाऊन समजूत घातली म्हणून त्यांचा मुलगा परीक्षेला बसू शकला.

त्याच पानावर दोन्ही पेपरांत 40 टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी ‘शिष्यवृत्तीस पात्र ठरतो’ असेही विधान आहे. 40 टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 32 टक्के, ही केवळ उत्तीर्णतेची अट आहे. राज्याचा कोटा 11,682 इतकाच असून निवडयादी जिल्हा व प्रवर्गानुसार लागते. त्यामुळे उत्तीर्ण होऊनही अनेक मुले यादीबाहेर राहतात. निवड झाल्यावर दरवर्षी करावे लागणारे ऑनलाइन नूतनीकरण आणि दहावीला 60 टक्के गुणांची अट यांचा तर पुस्तकात उल्लेखच नाही.

आम्ही पाचही प्रतींतील माहितीच्या पानावर दुरुस्तीचा कागद चिकटवला आहे आणि शालेय विषयांसाठी सातवी-आठवीची पाठ्यपुस्तके व जुन्या प्रश्नपत्रिका वापरतो. बुद्धिमत्तेच्या भागासाठी मात्र यंदा आणखी दोन प्रती मागवल्या आहेत.