लॅपटॉपऐवजी टॅब घेतला: एमएस्सी भूगोलाचे नऊ महिने

चाळीस हजार, त्यापुढे एक रुपया नाही. मागच्या ऑगस्टमध्ये एमएस्सी भूगोलाला प्रवेश मिळाला तेव्हा अण्णांनी हे आधीच सांगितलं होतं. नारायणगावच्या बाजारात त्या महिन्यात टोमॅटोला बरा भाव लागला, म्हणून तेवढे तरी जमले. या पैशांत पुण्यातली दोन वर्षं निभावेल असं एकच यंत्र घ्यायचं होतं. लॅपटॉप घ्यावा असं बहुतेक सगळे म्हणत होते. मी टॅब घेतला. १०.९ इंची, अँड्रॉइडवाला, पेन खोक्यातच मिळालं. टॅब ३१ हजारांना, कीबोर्ड असलेलं कव्हर साडेपाच हजारांना, वर काचेचा गार्ड. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कुठल्याही कंपनीच्या टॅबला जवळजवळ तसंच लागू आहे.

मी असं का केलं तेही सांगते. बीएस्सीची तीन वर्षं मी वह्या वाहिल्या होत्या. आमच्या विषयात आकृत्या फार. नदीची वळणं, दरीचे छेद, समोच्च रेषा, हवामानाचे आलेख. लॅपटॉपवर हे तासाला बसून काढता येत नाही. टॅबवर येतं, आणि किती छान येतं हे मला आजही सांगावंसं वाटतं. सर फळ्यावर छेद काढतात, मी पेनने त्याच वेगाने काढते, चुकलं तर एक रेघ पुसते, पाण्याला निळा आणि खडकाला तपकिरी रंग देते. सरांनी दिलेली पीडीएफ अर्ध्या पडद्यावर, माझ्या नोट्स उरलेल्या अर्ध्यावर. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे पूर्वी टेबलावर पसरून चार जणी वाकून बघायचो. आता दोन बोटांनी मोठे करून एकेक विहीर, एकेक देऊळ वाचता येतं. पुणे शहराचा बराचसा भाग ४७ एफ/१४ या क्रमांकाच्या तक्त्यावर आहे आणि खडकवासला, सिंहगड ४७ एफ/१५ वर. दोन्ही तक्ते शेजारी उघडून मुठा नदी एका नकाशातून दुसऱ्यात कशी जाते ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते टॅबवरच.

वजनाचाही मोठा फरक पडतो. मी धनकवडीहून पीएमपीने येते आणि सकाळच्या बसमध्ये दोन पाय टेकायला जागा मिळाली तरी नशीब. कव्हरसकट टॅब एक किलोच्या आत आहे. अभ्यासिकेत चार्जिंगच्या पॉइंटजवळची खुर्ची पकडायला लोक सात वाजता येऊन बसतात, मला कधी धावावं लागलं नाही. सकाळी भरलेला टॅब संध्याकाळी तीस टक्क्यांवर असतो.

एक उणीव इथेच नोंदवते. माझ्या नोट्सच्या ॲपमध्ये इंग्रजीत हाताने लिहिलेलं शोधता येतं, देवनागरीतलं सापडत नाही. म्हणून पानाचा मथळा टाइप करून टाकते.

टॅबचं सोनं झालं ते मात्र वर्गाबाहेर.

प्रकल्पासाठी आमच्या चौघींच्या गटाने पुण्यातला आंबिल ओढा निवडला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडच्या डोंगरांवर आणि दक्षिण पुण्यात कोसळलेल्या पावसाने या ओढ्याला पूर आला, वस्त्यांमध्ये पाणी घुसलं, माणसं गेली. त्या रात्री कुठल्या घरात पाणी किती चढलं होतं याच्या खुणा गोळा करायच्या, त्या नकाशावर मांडायच्या आणि ओढ्याच्या पात्राशी ताडून बघायच्या, असं काम ठरलं. त्यासाठी क्यूफील्ड नावाचं फुकट ॲप वापरलं. नकाशाचा आराखडा आधी संगणकावरच्या क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करायचा, मग टॅबवर घ्यायचा. इंटरनेट नसलं तरी चालतं. घराजवळ उभं राहिलं की जीपीएसने बिंदू पडतो, त्याला पाण्याची उंची, जोत्याची उंची आणि फोटो जोडायचा.

अरण्येश्वर भागात एका आजींनी दाराच्या चौकटीवर हात ठेवून दाखवलं. "इथवर होतं बघ बाळा. तांदळाचा डबा तरंगत होता, आणि मी कॉटवर उभी." मी तिथेच बिंदू टाकला, टेपने मोजलं, १३७ सेंटिमीटर भरलं, फोटोवर पेनने रेघ ओढली. आजींना पडदा दाखवला तर त्यांनी शेजारचं घर बोटाने दाखवलं, "त्यांच्याकडे याहून जास्त होतं, त्यांचं जोतं खाली आहे." लॅपटॉप उघडून त्या बोळात उभं राहता आलं नसतं, आणि कागदावर लिहिलं असतं तर आजींना नकाशात स्वतःचं घर दिसलं नसतं. दाटीच्या बोळात जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे जातं, तेव्हा उपग्रहाच्या चित्रावर बघून बिंदू बोटाने जागेवर सरकवायचा. कडक उन्हात पडदा नीट दिसत नाही, ओढणी धरून बघावं लागतं. पण तीन रविवारांत त्रेपन्न घरं झाली आणि एकही नोंद हरवली नाही.

याच कामाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात मी रडकुंडीला आले.

त्रेपन्न बिंदूंचा नकाशा व्हायचा तर आधी जमिनीच्या उंचीचा डेटा (दर ३० मीटरला एक आकडा) घ्यायचा, तो यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या एका पद्धतीत आणायचा, त्यातून ओढ्याचं पाणलोट क्षेत्र आणि प्रवाहाच्या रेषा काढायच्या, मग आपले बिंदू त्यावर ठेवून प्रमाणपट्टी आणि उत्तर दिशेसकट छापण्याजोगा नकाशा मांडायचा. हे सगळं क्यूजीआयएसमध्ये होतं. ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. माझ्या टॅबवर नाही. क्यूफील्ड त्याचंच भावंड असलं तरी ते नोंदी घेण्यासाठी आहे, पाणलोट काढण्यासाठी नाही.

विभागाच्या प्रयोगशाळेत संगणक आहेत, पण प्रयोगशाळा पाचला बंद होते आणि दिवसभर तिथे कुणाची ना कुणाची प्रात्यक्षिकं चालू असतात. रूममेटकडे लॅपटॉप होता. ती एमकॉमची, तिला स्वतःचं काम असायचं, तरी कधी नाही म्हणाली नाही. रात्री अकरानंतर मला द्यायची. अकरा ते दोन, तिच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून भिंतीकडे तोंड करून मी बसायचे.

एका रात्री पाणलोट काढला आणि ओढा अरण्येश्वराच्या अलीकडे तुटलेला दिसला. पाणी जणू जमिनीत गडप. दुसऱ्या दिवशी तासाला बसल्याबसल्या डोक्यात आलं की उंचीच्या डेटातले खोटे खळगे आधी बुजवायला हवे होते, मी ती पायरीच गाळली होती. उत्तर दुपारी बारा वाजता सापडलं, करून बघायला रात्रीचे अकरा वाजावे लागले. तोवर मनातले निम्मे प्रश्न विरून गेले होते. सॉफ्टवेअर शिकणं म्हणजे दहा वेळा चुकीचं बटण दाबणं, आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर आपण चुकायला घाबरतो. तिची फाइल उडाली तर, तिच्या मशीनमध्ये काही बिघडलं तर, हा विचार सुटत नाही. पहिल्या सत्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मला गुण कमी पडले ते विषय कळला नव्हता म्हणून नाही. हात बसला नव्हता म्हणून.

उपग्रहाच्या चित्रांवर काम करायचं गूगल अर्थ इंजिन मात्र टॅबच्या क्रोममध्ये उघडतं. सगळं गणित गूगलच्या संगणकांवर होतं, त्यामुळे टॅबला भार पडत नाही. कोडची खिडकी आणि नकाशा एकमेकांच्या अंगावर येतात, पण कीबोर्ड जोडला की निभतं.

आता लिखाणाबद्दल. टॅबला कीबोर्ड लावला की झाला लॅपटॉप, असं दुकानात मलाही सांगितलं होतं. अर्ज, ईमेल, दोन पानी निबंध, इथवर ते खरं आहे. चाळीस पानी अहवालाला नाही. १०.१ इंचांपेक्षा मोठ्या पडद्यावर मोबाइल वर्डमध्ये फुकट संपादन करता येत नाही, मायक्रोसॉफ्ट ३६५ चं खातं लागतं. ते कॉलेजकडून मिळत असेल तर प्रश्न मिटला, टॅब घेण्याआधी ऑफिसात विचारून घ्या. एक्सेलचं ॲप आहे, पण सहसंबंध आणि प्रतिगमनासाठी आम्ही जो ॲनालिसिस टूलपॅक वापरतो तो त्यात नाही. संदर्भसूचीसाठी झोटेरो वापरते. त्याचं अँड्रॉइड ॲप लेख वाचायला सुरेख आहे, पण वर्डमध्ये संदर्भ आपोआप घालणारं त्याचं प्लगइन संगणकावरच चालतं.

आणि मराठी. प्रश्नावली, लोकांच्या मुलाखती, सगळं मराठीत होतं. पडद्यावरच्या कीबोर्डवर मी मराठी झरझर लिहिते, पेनने लिहिलं तरी जीबोर्ड हा गूगलचा कीबोर्ड त्याचं टाइप करून देतो, आणि बोलून लिहिणं तर फारच कामाचं. मुलाखत कानात ऐकत मी तीच वाक्यं टॅबसमोर म्हणत गेले आणि चार तासांचं काम दीड तासात उरकलं. पण कव्हरच्या कीबोर्डवरून मराठी टाइप करणं मला शेवटपर्यंत जमवता आलं नाही. इंग्रजीसाठी कळा आणि मराठीसाठी पडदा, असं हात उचलत लिहावं लागायचं. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच दिलेला आहे, रूममेटच्या लॅपटॉपवर तो पहिल्यांदा वापरला तेव्हा हायसं वाटलं.

जानेवारीत मी लॅपटॉप घेतला. शिष्यवृत्तीचे पैसे आले होते, त्यात दिवाळीच्या सुट्टीत घेतलेल्या शिकवण्यांचे मिळवले. नवा नाही, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, दुरुस्त करून विकलेला. आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एसएसडी, २१ हजारांना. "आठवी पिढी" हा शब्द लक्षात ठेवा. विंडोज १० ला मिळणारे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. त्याआधीचे लॅपटॉप बारा-तेरा हजारांत मिळतात, दिसायला चकचकीतही असतात, तिथेच लोक फसतात. माझ्या लॅपटॉपची बॅटरी अडीच तास टिकते आणि वजन चार्जरसकट दोन किलोंच्या वर. तो खोलीतच असतो. टॅब माझ्याबरोबर फिरतो.

म्हणजे दोन्ही लागले. पण ज्यांच्याकडे दोन्हीपुरते पैसे नाहीत त्यांना "दोन्ही घ्या" म्हणणं मला बरं वाटत नाही, मीही त्यांच्यातलीच होते. त्यांनी किमतीआधी, पडद्याआधी एकच चौकशी करावी: तुमच्या प्रात्यक्षिकांना कुठलं सॉफ्टवेअर आहे? वरच्या वर्गातल्या दोघांना विचारा, दहा मिनिटांत कळेल. रूममेटला हिशेबाचं टॅली लागतं, त्याची आताची आवृत्ती टॅलीप्राइम विंडोजवर चालते, तिच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता. आतेभाऊ कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. तो पायथन भाषेतल्या प्रोग्रॅमचं थोडंफार काम टॅबवर, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गूगलच्या कोलॅबमध्ये करून दाखवतो, पण अँड्रॉइडचं ॲप बनवायचं तर अँड्रॉइड स्टुडिओ टॅबवर चढत नाही. उलट कायद्याची एक मैत्रीण दोन वर्षं फक्त टॅबवर आहे. कायद्यांची पुस्तकं, निकाल, त्यांवर खुणा, एवढंच तिचं काम, आणि तिला लॅपटॉपची आठवणही होत नाही. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान शिकणाऱ्यांनाही पहिली दोन वर्षं टॅब पुरावा, प्रबंध लिहायची वेळ येईपर्यंत.

माझ्यासारखं मैदानी काम असणाऱ्यांसाठी एक सूचना. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, ते सेल्युलर मॉडेलमध्येच मिळतं. अँड्रॉइड टॅब घेतानाही माहितीपत्रकात जीपीएस हा शब्द शोधूनच पैसे द्या.

कीबोर्डच्या कव्हरवर घातलेले साडेपाच हजार मला आजही टोचतात. लॅपटॉप आल्यापासून ते कपाटात आहे.

जूनमध्ये धाकटी बहीण बीकॉमसाठी पुण्यात येते आहे. परवा अण्णांचा फोन आला, "तुझ्यासारखाच टॅब घेऊ का तिला?" मी नको म्हटलं. तिला आधी लॅपटॉप, टॅब पुढे कधी जमला तर. शनिवारी ते जुन्नरहून येणार आहेत, तिघं मिळून दुकानात जायचं आहे. प्रोसेसरची पिढी, बॅटरी किती टिकते, सगळ्या कळा दाबून बघायच्या, बिलावर वॉरंटी लिहून घ्यायची, एवढं मी एका कागदावर लिहून ठेवलं आहे.