शुगरची रीडिंग वहीत लिहायची की ॲपमध्ये?

मी दीड वर्ष ॲप वापरलं आणि आता वहीवर आलोय, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं सांगू शकतो. ॲप चांगलंच आहे, साखर मोजायच्या मीटरमधून ब्लूटूथने आकडा आपोआप फोनमध्ये जातो, महिनाभराचा ग्राफ समोर दिसतो, आणि जे इन्सुलिनवर आहेत, दिवसातून चार-पाच वेळा टोचून बघतात त्यांना वही लिहा असं मी नाही सांगणार.

माझं बिनसलं ते वेळेवरून. मीटरचा सेल बदलला तेव्हा त्यातलं घड्याळ चुकलं, सकाळचे ७ त्याला संध्याकाळचे ७ वाटायला लागले, आणि माझ्या ते लक्षातच आलं नाही. तीन आठवड्यांनी डॉक्टर मॅडमनी फोन बघून विचारलं, "फास्टिंग घेतच नाही का तुम्ही?" मी तर रोज उठल्या उठल्या घेत होतो! आता १४८ हा आकडा जेवल्यावर दोन तासांनी आला तर साधारण ठीक धरतात, १८० च्या आत आहे म्हणून, पण तोच उपाशीपोटी आला तर जास्त, कारण तिथे बहुतेकांना ८० ते १३० सांगितलेलं असतं. आकडा खरा पण वेळ चुकली की सगळा अर्थच बदलतो. बरं, मीटरमधून आलेल्या रीडिंगची वेळ ते ॲप बदलू देईना, डिलीट करून परत हाताने भरा म्हणे. हातानेच भरायचं तर मग वहीच बरी, असं वाटलं ते तेव्हापासून.

वहीत आकड्याशेजारी दोन शब्द लिहिता येतात हे मला फार आवडलं. एकदा २३० आली, शेजारी लिहिलंय "फळ कापलं, हात धुतले नव्हते", खाली हात धुऊन परत घेतलेली १३८. ७० च्या खालचं काही आलं, म्हणजे साखर फार कमी झाली, की लाल गोल करतो. ॲपमध्येही नोट टाकता येते, पण माझ्याकडून तरी ती कधी टाकली गेली नाही. शिवाय ॲप सरासरी दाखवतं, आणि ६० आणि २२० ची सरासरी १४० येते, दिसायला छान, पण त्यातली ६० तर दिसतच नाही ना.

वही हरवू शकते हे खरंय, म्हणून मी दर रविवारी पानाचा फोटो काढून ठेवतो. तुम्हाला ॲपच सोयीचं पडत असेल तर तेच ठेवा, फक्त सेल बदलला की पहिली रीडिंग घ्यायच्या आधी मीटरमधली तारीख आणि वेळ तेवढी बघून घ्या.