हंगामी उत्पन्नाच्या घरासाठी जमाखर्चाचे ॲप: आंब्याच्या एका पूर्ण हंगामानंतरचा अनुभव

आमचे घर देवगड तालुक्यात आहे. यजमान माध्यमिक शाळेत लिपिक असल्यामुळे एक पगार दरमहा येतो; बाकीचे उत्पन्न हापूसच्या कलमांचे, म्हणजे जेमतेम मार्चअखेरपासून मेअखेरपर्यंतचे. खर्च मात्र वर्षभर पसरलेला असतो. पावसात कलमांना मोहोर यावा म्हणून कल्टार हे वाढनियंत्रक औषध घालायचे, मोहोर आला की तुडतुडे आणि थ्रिप्ससाठी एकामागून एक फवारण्या करायच्या, राखणीची मजुरी द्यायची, जूनमध्ये मुलांची फी भरायची आणि भाद्रपदात गणपती. ही तोंडमिळवणी कोकणातल्या बहुतेक बागायतदार घरांत कर्ज काढूनच होते. म्हणून आमच्यासारख्यांनी जमाखर्चाचे ॲप निवडताना सर्वांत आधी एवढेच पाहावे, की हातात आलेली रक्कम कमाईची आहे की उसनवारीची, हे त्या ॲपमध्ये वेगळे ठेवता येते का.

सुरुवातीला मी बँकेचे मेसेज वाचून आपोआप नोंदी करणारे एक ॲप घेतले होते. त्याचे नाव लिहीत नाही, कारण अशा प्रकारच्या कोणत्याही ॲपला ही अडचण येणारच. हंगामाआधी वाशीच्या दलालाकडून घेतलेली उचल खात्यात जमा झाली, की ते तिला उत्पन्न म्हणून हिरव्या अक्षरांत दाखवी. पीक कर्जाची रक्कम जमा झाली, तेही उत्पन्न. सोनेतारणाचे पैसे आले, तेही उत्पन्न. परिणामी ज्या महिन्यांत आमच्या डोक्यावर सर्वाधिक देणे चढत होते, नेमके तेच महिने आलेखात सुबत्तेचे दिसत. उलट मे महिन्यात, जेव्हा खरोखर फळ विकले जात होते, तेव्हा दलालाच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीतून, भाडे, हमाली आणि उचलीची वळती रक्कम वजा होऊन उरलेला आकडाच बँकेत येई. त्यामुळे ॲपच्या लेखी आंब्याचे उत्पन्न किरकोळ ठरे आणि त्याच महिन्यात फेडलेले पीक कर्ज उधळपट्टीसारखे लाल रंगात उमटे. हाताने दुरुस्ती करता येत होती. पण प्रत्येक महत्त्वाची नोंद हातानेच सुधारायची असेल, तर आपोआप नोंदीचा उपयोग काय?

थेट बँकखाती जोडणाऱ्या ॲपचाही विचार केला. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीतील अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्था सप्टेंबर 2021 पासून सुरू आहे आणि तिच्यामुळे आपल्या संमतीने खात्याची माहिती सुरक्षितपणे एकत्र आणता येते. परंतु पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या नव्हे. त्यामुळे पतसंस्थेचे कर्ज त्या चित्रात येत नाही. बचत गटाचे हप्ते आणि दुकानातील उधारी यांचा तर प्रश्नच नाही. अर्धवट चित्रावर विसंबून निर्णय घेण्यापेक्षा सगळे हातानेच नोंदवावे, असे आम्ही दोघांनी ठरवले. ‘यू नीड अ बजेट’ हे या क्षेत्रातले नावाजलेले ॲप पाहिले, त्याची पद्धतही उत्तम आहे. पण वर्षाला शंभर डॉलरांहून अधिक वर्गणी आमच्या आवाक्यात बसणारी नव्हती.

शेवटी ‘गुडबजेट’ घेतले आणि तेच अजून चालू आहे. यात प्रत्येक खर्चाचे एक पाकीट असते. हाती असलेला पैसा आधी पाकिटांत वाटायचा आणि मग त्या-त्या पाकिटातूनच खर्चायचा, एवढीच त्यामागची कल्पना आहे. मासिक पाकिटांखेरीज वर्षातून एकदाच लागणाऱ्या खर्चांसाठी वेगळी पाकिटे करता येतात, आणि आमच्या दृष्टीने या ॲपची खरी किंमत तिथे आहे. ॲप इंग्रजीत असले तरी पाकिटांची नावे मराठीत देता येतात. आमची पाकिटे ‘आगोट’ (पावसाळ्याची बेगमी), ‘गणपती’, ‘फवारणी’, ‘फी’, ‘कर्ज’ अशी आहेत. मोफत आवृत्ती दोन फोनांवर चालते, म्हणून मी बाजारात केलेली नोंद यजमानांना शाळेत दिसते. पाकिटांच्या संख्येला मोफत आवृत्तीत मर्यादा आहे. मात्र बारीकसारीक खर्चांसाठी स्वतंत्र पाकीट करण्याचा मोह आवरला, तर ती पुरते.

एक उदाहरण सविस्तर देते. पट्टी आली, की मी बँकेत जमा झालेला आकडा नोंदवत नाही, तर पट्टीवरची मूळ विक्री पूर्ण उत्पन्न म्हणून लिहिते आणि भाडे, हमाली व उचलीची परतफेड या तीन नोंदी स्वतंत्र करते. काम पाच मिनिटांचे असते. त्यातून बागेने प्रत्यक्षात किती दिले आणि त्यातले किती आधीच खर्च होऊन गेले होते, हे एकाच पानावर दिसते. त्यानंतर उरलेल्या रकमेतून सर्वांत आधी ‘आगोट’ भरते. तांदूळ, डाळी, मसाला, सुके बांगडे आणि सुकट यांची पावसाळ्याची खरेदी मेमध्येच उरकावी लागते, कारण जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि ताजी मासळी मिळाली तरी ती महाग पडते. मग फी, मग गणपती. मुंबईचे दीर दर वर्षी आपला वाटा देतात, तोही ‘गणपती’ पाकिटातच नोंदवते, म्हणजे चतुर्थीनंतरचा हिशेब कोणालाही दाखवता येतो.

कर्जाचे गणित मात्र मी या ॲपमध्ये ठेवलेले नाही. त्यासाठी गूगल शीट्समध्ये एक साधा तक्ता केला आहे, आणि कर्ज असलेल्या प्रत्येक घराने तो करावा, असा माझा आग्रह आहे. त्यातले ‘रेट’ हे सूत्र फार मोलाचे आहे. समजा, 1 लाख रुपयांचे कर्ज 12 टक्के सपाट दराने 3 वर्षांसाठी दिले आहे. व्याज 36,000 रुपये होते आणि मासिक हप्ता सुमारे 3,778 रुपये येतो. ऐकायला दर 12 टक्के वाटतो. परंतु मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावरच आकारले जात असते. सूत्रात हप्ता, महिने आणि मूळ रक्कम घातली, की मासिक दर मिळतो; त्याला 12 ने गुणले, की घटत्या शिल्लकेवरचा खरा वार्षिक दर 21 टक्क्यांच्या पुढे निघतो. बँका आणि बिगरबँक वित्तीय कंपन्यांना 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसोबत सर्व शुल्क धरून वार्षिक दर सांगणारे मुख्य तथ्य विवरणपत्र द्यावे लागते. पतसंस्थेला तो नियम लागू नसल्यामुळे तिथले गणित आपणच करायला हवे.

या तक्त्यामुळे आमचा फेडीचा क्रम बदलला. ॲपवाले बहुधा दोन मार्ग सुचवतात: सर्वांत लहान कर्ज आधी, किंवा सर्वाधिक दराचे आधी. आमच्या घरी या दोन्हींच्या आधी पीक कर्जाची तारीख येते. 3 लाखांपर्यंतच्या पीक कर्जाचा दर 7 टक्के असला, तरी मुदतीत फेडणाऱ्याला केंद्राची 3 टक्के सवलत मिळते आणि त्यावर राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचाही लाभ असतो. मुदत हुकली, की हे सगळे जाते. म्हणून आंब्याच्या पैशातून पीक कर्ज आधी बाजूला निघते, मग जास्तीची रक्कम पतसंस्थेच्या कर्जात मुद्दल म्हणून भरली जाते आणि सोनेतारण त्यानंतर. पतसंस्थेत जादा रक्कम भरताना ती पुढच्या हप्त्यांत न धरता मुद्दलातच वळती करावी, असे लेखी द्यावे आणि पासबुकावर तशी नोंद झालेली तिथेच पाहून घ्यावी.

ज्यांचे सर्व व्यवहार एका बँकेतून आणि बहुतांशी यूपीआयने होतात, त्यांना हाताने नोंदी करण्याची ही पद्धत अनावश्यक कटकटीची वाटेल. त्यांनी खाते जोडणारे ॲप खुशाल घ्यावे. गुडबजेट वापरणार असाल, तर मोफत आवृत्तीत वर्षभराचाच मागचा हिशेब राहतो, हे ध्यानात ठेवून हंगाम संपताच संगणकावरून नोंदींची फाईल उतरवून ठेवावी. अमेरिकेतले ‘मिंट’ हे लाखो लोकांचे ॲप 2024 मध्ये बंद झाले. आपला हिशेब आपल्याकडे असलेला बरा.

यंदा फवारणीचे पाकीट मेमध्येच भरून ठेवल्यामुळे उचल नेहमीच्या निम्मीच घ्यावी लागली. उचल घेतली, की पेट्या त्याच दलालाकडे पाठवाव्या लागतात. ती कमी असल्यामुळे या वेळी काही माल कोल्हापूरच्या ओळखीच्या ग्राहकांना थेट देता येईल, आणि त्या विक्रीसाठी मी एक वेगळे पाकीट आताच उघडले आहे.