वाकणारं कथील: ताकाओकाची जाळी, पेला आणि घंटा, सात महिन्यांच्या वापरानंतर

शुद्ध कथलाची ही जाळी हातात येते तेव्हा ती टोपली नसतेच. वीतभर व्यासाची सपाट, जाळीदार चकती असते. मधला भाग टेबलावर तळहाताने दाबून धरायचा आणि कडा हळूहळू वर उचलायची, की तिची टोपली होते. वाकवताना कान जवळ नेला तर बारीक करकर ऐकू येते. जाळी तुटत असल्याचा तो आवाज नव्हे. कथलाचे स्फटिक आतल्या आत एका झटक्यात दिशा बदलतात, त्याचा आहे. धातुशास्त्रात याला टिन क्राय म्हणतात, आणि कथील जितकं शुद्ध तितका तो स्पष्ट येतो.

जपानच्या तोयामा प्रांतातलं ताकाओका हे ओतकामाचं गाव. १६११ मध्ये माएदा तोशिनागा या सरदाराने सात ओतारी आणून कानायामाची भागात वसवले. आधी लोखंडी भांडी आणि शेतीची अवजारं, पुढे तांब्या-पितळेची देवघरातली उपकरणी, फुलदाण्या, घंटा असं काम वाढत गेलं. तिथल्या तांबेकामाला १९७५ मध्ये पारंपरिक हस्तकलेचा सरकारी दर्जा मिळाला. शुद्ध कथलाची ताटं-पेले मात्र त्या मानाने कालची गोष्ट. कथील एकटं फार मऊ, म्हणून जगभर त्यात अँटिमनी (एक ठिसूळ धातू) किंवा तांबं घालून ते कडक करतात. इथल्या कारागिरांनी काहीच न घालता तो मऊपणाच वापरायचा ठरवला. ही जाळी त्यातूनच निघाली.

आपल्याकडे हा धातू परका नाही. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने जे फिरवतो, ते हेच कथील. तिथे त्याचा पातळ थर असतो, इथे अख्खं भांडं त्याचंच. त्यामुळे अन्नाला चालेल का, हा प्रश्न जुना आहे आणि उत्तरही जुनंच: शुद्ध असेल तर चालतं. भेसळ शिशाची होते. कोऱ्या कागदावर भांड्याची कड दाबून ओढली आणि पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली, तर शिशाचा संशय घ्यावा. या तिन्ही वस्तूंपैकी कथलाच्या दोन्हींची रेघ उमटली नाही.

आता वाकवण्याबद्दल, कारण चूक इथेच होते. पहिल्यांदा हात लावणारा माणूस कडेचा एकच बिंदू चिमटीत धरून सरळ वर ओढतो. मग त्या बिंदूजवळची एकच पट्टी सगळा ताण घेते, सांध्यापाशी बारीक होते, आणि तीन-चार वेळा तसंच झालं की तिथे केसासारखी चीर दिसते. बरोबर पद्धत अशी: एका वेळी सेंटिमीटरभरच उचलायचं, चकती थोडी फिरवायची, पुन्हा सेंटिमीटरभर. चार-पाच फेऱ्यांत हवी ती खोली मिळते. याहून सोपं म्हणजे कढीची मोठी वाटी पालथी घालून तिच्यावर चकती ठेवायची आणि वरून दोन्ही तळव्यांनी दाबायची. सपाट करायची असेल तर सुती कापडाखाली ठेवून लाटणं फिरवावं. पोलपाट दगडी असला तर खालीही कापड हवं, नाहीतर खडबडीत पृष्ठभागाचे ठसे उठतात.

दुसरी अडचण तीन आठवड्यांनी कळते. खोल टोपलीत सहा-सात संत्री कायम ठेवली, की तिच्या भिंती हळूहळू बाहेर कलतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून खोलीचं तापमानही त्याच्या दृष्टीने बरंच गरम. लोखंड आठशे अंशांवर असावं, तशी त्याची इथली अवस्था. सततच्या वजनाखाली ते सरकत राहतं. उपाय साधा: भिंती उभ्या न ठेवता पसरट ठेवा, वजन तळावर येऊ द्या. दोन-तीन फळं, पाव, किंवा बाटली आडवी ठेवायला ही जाळी उत्तम. कांदे-बटाट्यांसाठी घेऊ नका.

पेला वाळूच्या साच्यात ओतलेला आहे. बाहेरून हात फिरवला की ओल्या वाळूचा रवा जसाच्या तसा बोटांना लागतो, आतून मात्र तो गुळगुळीत. कथील उष्णता स्टेनलेस स्टीलच्या चौपट वेगाने नेतं, त्यामुळे फ्रिजमध्ये दोन मिनिटं ठेवला तरी पेला गार होतो आणि पन्हं किंवा सोलकढी ओठाला लागताक्षणी थंड लागते. याच कारणाने चहाला तो निरुपयोगी आहे, कड धरवत नाही. फ्रीजरमध्ये ठेवायचं टाळावं: कथील १३ अंशांखाली हळूहळू ठिसूळ करड्या रूपाकडे झुकतं. फ्रिजमधल्या दोन मिनिटांत काही होत नाही, पण महिनोन्महिने उणे तापमानात ठेवणं योग्य नाही. गॅस, मायक्रोवेव्ह, ओव्हन, डिशवॉशर वर्ज्य. पेटत्या शेगडीच्या कडेला रिकामा पेला विसरला तर त्याचा गोळा होईल.

ओट्यावरून फरशीवर पडला तर फुटत नाही, कड लांबुळकी होते. लाटण्याचं निमुळतं टोक आत घालून पेला फिरवत हलका दाब दिला, की गोलाई जवळजवळ परत येते. बुडाची जाड कड चेपली तर ती घरी सुधारत नाही.

घासताना तारेची घासणी अजिबात नको. साबणाचं पाणी, मऊ स्पंज, लगेच कोरड्या फडक्याने पुसणं, एवढं पुरतं. लिंबू किंवा व्हिनेगर असलेला पदार्थ रात्रभर राहिला तर आत मळकट कडं उमटतं. खायच्या सोड्याची पेस्ट बोटाने चोळली की ते फिकट होतं. चमच्याचे ओरखडे पडतातच, पण चार महिन्यांनी ते एकमेकांत मिसळून पृष्ठभागाला मवाळ, चांदीसारखी झाक येते. ही झाक नव्या पेल्याहून देखणी आहे.

घंटा पितळेचीच असावी लागते, शुद्ध कथलाचा आवाज बसका येतो. खिडकीत टांगलेल्या घंटेचा नाद अगदी हलक्या वाऱ्यातही लांब रेंगाळतो. खाली लोंबणारी कागदी पट्टी वारा पकडते. आपल्या पावसाळ्यात ती दमट होऊन लोळागोळा झाली आणि घंटा मुकी राहिली. तेवढ्याच वजनाची पातळ प्लॅस्टिकची पट्टी लावल्यावर पुन्हा वाजू लागली. न रंगवलेलं पितळ श्रावणापर्यंत तपकिरी पडतं, ते चिंचेने उजळता येतं. पण ताकाओकाची रंगवलेली घंटा असेल तर चिंच लावू नका. तिथले कारागीर तांदळाच्या कोंड्याचा मिसो (आंबवलेला लगदा) लावून भाजतात किंवा मुळ्याचा रस वापरतात, आणि असे तपकिरी, लालसर रंग पितळाच्या पृष्ठभागावरच चढवतात. चिंचेच्या एका हाताने तो रंग कायमचा जातो. अशी घंटा कोरड्या मऊ फडक्याने पुसायची, बस्स.