मॅक्सएंट की गॅप मॉडेल: गोव्यातील जंगलासाठी निवड

सत्तरी किंवा सांगे तालुक्यातील जंगल बदलत्या हवामानात पुढील पन्नास वर्षांत कसे राहील, यावर प्रबंध हाती घेणाऱ्याला आरंभीच मॅक्सएंट आणि गॅप मॉडेल या दोन वाटांतून एक निवडावी लागते.

मॅक्सएंट हे सॉफ्टवेअर झाड आज जिथे आढळते त्या जागांच्या नोंदींची तेथील तापमान-पावसाशी सांगड घालते आणि त्या जातीला मानवणारे हवामान पुढे कुठे उरेल याचा नकाशा देते. ते मोफत आहे, जगभरच्या तापमान-पावसाची माहिती चौकोनाचौकोनाने देणाऱ्या वर्ल्डक्लिमचे आकडेही मोफत आहेत आणि साध्या लॅपटॉपवर काम भागते. माट्टी, किंदळ अशा सर्वदूर आढळणाऱ्या झाडांसाठी मी हेच सुचवीन. मात्र नोंदी केवळ गोव्यातल्या घेऊ नयेत, कारण 3,702 चौरस किलोमीटरांच्या राज्यात त्या जातीला सोसणारे सगळे हवामान सापडत नाही आणि मॉडेल तिला आहे त्याहून नाजूक ठरवते.

सत्तरीतील बांबरच्या निरंकाराच्या राईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या दलदलीच्या रानात, हा नकाशा फसवा ठरेल. वर्ल्डक्लिमचा सर्वांत बारीक चौकोन सुमारे एक किलोमीटरचा, आणि राय त्याच्या एका कोपऱ्यात मावते. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली रानजायफळाची मुळे पाहिली की ही झाडे वार्षिक सरासरीवर नव्हे, तर ओहोळाच्या पाण्यावर जगतात हे कळते. तो ओहोळ त्या आकड्यांत नाही.

इथे गॅप मॉडेल अधिक प्रामाणिक. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या जंगलासाठी 1972 मध्ये मांडलेल्या जाबोवा या गॅप मॉडेलात 10 मीटर लांब-रुंद तुकड्यावर एकेक झाड उगवते, उजेडासाठी झगडते, मरते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरे वाढते. अशा मॉडेलात जमिनीतील पाण्याची पातळीही घालता येते. आगीचेही तसेच: मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात पेटले तसे वणवे किती वर्षांनी येतील, हे गृहीत वेगळे द्यावे लागते, केवळ हवामानावर बेतलेल्या नकाशात त्याला जागाच नसते.

अडचण आकड्यांची आहे. प्रत्येक जातीची कमाल उंची, आयुष्य, सावली सोसण्याची ताकद आणि वाढीचा वेग हवा. सागाच्या खोडात वर्षाची वलये दिसतात, त्यांवरून वाढीचा वेग कळतो. बहुतेक सदाहरित झाडांत ती स्पष्ट नसतात. म्हणून 1.37 मीटर उंचीवर, किंवा बुंध्याला आधार देणारी फळ्यांसारखी मुळे उंच असतील तर त्यांच्याही वर, रंगाची खूण करून दरवर्षी तिथेच टेप लावून घेर मोजावा लागतो. दोन वर्षांच्या प्रबंधात हे बसणार नाही; राईची देखरेख करणाऱ्या गावाने मनावर घेतले, तर बसेल.