अमेरिकेतील वसाहतकालीन घराण्याचा शोध : आधी मृत्युपत्रे पाहावीत की लष्करी नोंदी?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत तिथल्या जुन्या घराण्यातला जावई किंवा सून येणे आता नवलाचे राहिलेले नाही. त्यामुळे नातवंडांच्या वंशवेलीची एक फांदी सातारा-सांगलीकडे आणि दुसरी व्हर्जिनिया किंवा मॅसॅच्युसेट्सकडे जाते, आणि त्या दुसऱ्या फांदीचा माग काढायला बसलेल्या माणसाला फार लवकर एका भिंतीपाशी थांबावे लागते. अमेरिकेची पहिली राष्ट्रीय जनगणना १७९० ची आहे आणि तीत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आहे. घरातल्या सर्व स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) माणसांची नावे जनगणनेत येऊ लागली ती १८५० पासून. ईशान्येकडील न्यू इंग्लंडमधील गावांनी जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी बऱ्या ठेवल्या, परंतु दक्षिणेकडील वसाहतींत चर्चच्या नोंदवह्या तुटक आहेत. अशा वेळी हाताशी दोन मोठे साठे उरतात: न्यायालयांत नोंदलेली मृत्युपत्रे व त्यांच्या अनुषंगाने तयार झालेले कागद आणि सैन्याशी संबंधित नोंदी. वेळ आणि पैसा मर्यादित असेल तर सुरुवात कुठून करावी, हे ठरवण्यासाठी या दोन्हींची तुलना येथे केली आहे.

उदाहरणासाठी वॉशिंग्टन घराणे सोयीचे आहे, कारण त्याचे बहुतेक कागद प्रसिद्ध झालेले आहेत आणि दोन्ही प्रकारच्या नोंदी त्यात विपुल आहेत. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे वडील ऑगस्टीन हे एप्रिल १७४३ मध्ये वारले. त्यांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी केलेल्या मृत्युपत्रात लिटल हंटिंग क्रीकवरील जमीन थोरल्या लॉरेन्सला, पोप्स क्रीककडील मालमत्ता धाकट्या ऑगस्टीनला आणि रॅपाहॅनॉक नदीकाठची शेती अकरा वर्षांच्या जॉर्जला दिली. या एकाच दस्तऐवजातून दोन बायकांची मुले, त्यांचा क्रम, हयात असलेली पत्नी आणि कोणती जमीन कोणत्या शाखेकडे गेली हे सारे कळते. याउलट लॉरेन्स १७४१ मध्ये ब्रिटिश ॲडमिरल व्हर्नन यांच्या, दक्षिण अमेरिकेतील कार्ताहेना या स्पॅनिश बंदरावरील मोहिमेत कॅप्टन म्हणून गेला होता, ही लष्करी बाजू त्याचा हुद्दा आणि काळ सांगते. पुढे त्याने आपल्या जमिनीला माउंट व्हर्नन हे नाव का दिले, याचा उलगडाही तिच्यामुळे होतो. मात्र लॉरेन्सचा बाप कोण किंवा त्याला भावंडे किती, हे त्या नोंदीतून कळत नाही. माझ्या मते या दोन साठ्यांतला मुख्य भेद इथेच आहे. मृत्युपत्र नातेसंबंध सिद्ध करते, तर सैन्याची नोंद, निदान वसाहतकाळातली, एक माणूस अमुक वर्षी अमुक ठिकाणी होता एवढेच बहुधा सिद्ध करते. वंशावळीसाठी पहिली गोष्ट दुसरीपेक्षा मोलाची असल्याने, इतर परिस्थिती सारखी असेल तर मी मृत्युपत्राकडे आधी वळेन.

या घराण्याची इंग्लंडमधील मुळे कशी सापडली, हेही याच मताला पुष्टी देते. जॉर्ज यांचे पणजोबा जॉन वॉशिंग्टन १६५६-५७ च्या सुमारास व्हर्जिनियात आले. ते नेमक्या कोणत्या इंग्रज शाखेतले, याबद्दल दीर्घकाळ चुकीची वंशावळ प्रचलित होती. हेन्री वॉटर्स या अमेरिकी संशोधकाने इंग्लंडमधील मृत्युपत्रांच्या नोंदी चिकाटीने चाळून १८८९ मध्ये ती दुरुस्त केली आणि जॉन हे लॉरेन्स नावाच्या धर्मगुरूचे पुत्र असल्याचे दाखवून दिले. जॉन हे मिलिशियाचे, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या लष्करी दलाचे, कर्नल होते, पण त्या पदाच्या नोंदीवरून समुद्रापलीकडच्या पित्यापर्यंत पोहोचता आले नसते.

असे असले तरी मृत्युपत्रांची मर्यादा ठळक आहे. ती मुख्यतः मालमत्ता असलेल्या पुरुषांची असतात. विवाहित स्त्रीची मालमत्ता कायद्याने नवऱ्याच्या ताब्यात जात असल्याने तिचे स्वतंत्र मृत्युपत्र क्वचितच आढळते, त्यामुळे स्त्रियांपैकी विधवा आणि अविवाहित यांचीच मृत्युपत्रे शोधावीत. मृत्युपत्र न करता माणूस वारला असेल तर निराश होण्याचे कारण नाही, कारण मालमत्तेसाठी न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाचे जामीनपत्र, मालमत्तेची मोजदाद, वाटणीचे हिशेब आणि अज्ञान मुलांच्या पालकत्वाचे आदेश हे कागद मृत्युपत्राइतकेच, कधीकधी जास्तच बोलतात. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला आपला पालक निवडता येत असे, त्यामुळे पालकत्वाच्या नोंदीवरून मुलाच्या वयाचा अंदाज बांधता येतो.

मृत्युपत्रातील मौनाचाही अर्थ नीट लावावा लागतो. व्हर्जिनियात १७८५ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत, मृत्युपत्र नसल्यास जमीन थोरल्या मुलाकडे जाण्याचा नियम होता; मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्याला दुप्पट वाटा मिळे. म्हणून थोरल्याचे नाव मृत्युपत्रात नसेल तर तो मेला किंवा त्याला बेदखल केले असे गृहीत धरू नये. त्याला त्याचा वाटा आधीच मिळालेला असू शकतो. एका मुलीला फक्त एक शिलिंग दिला असेल तर तिच्यावर बापाचा राग होता असेही म्हणता येत नाही, कारण लग्नात तिचा हिस्सा देऊन झालेला असू शकतो. आणखी एक सापळा नात्यांचा आहे: त्या काळच्या लिखाणात ज्याला जावई म्हटले आहे तो सावत्र मुलगाही असू शकतो, आणि एकाच गावातले थोरले व धाकटे असे दोन समनामी पुरुष बाप-लेक असतीलच असे नाही. तारखांतही फसगत होते. १७५२ पर्यंत ब्रिटिश वसाहतींत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे २० मार्च १६९७ ला केलेले आणि ३० मार्च १६९८ ला न्यायालयात सिद्ध झालेले मृत्युपत्र यांत वर्षाचे नव्हे तर दहा दिवसांचे अंतर असते. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्मदिवसही जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१ असा आहे. आज आपण तो २२ फेब्रुवारी १७३२ असा लिहितो.

जुने हस्ताक्षर ही आणखी एक अडचण. सतराव्या शतकातले इंग्रजी दस्तऐवज पहिल्यांदा उघडताना, मोडी न शिकलेल्या माणसाची पेशवे दफ्तरासमोर जी अवस्था होते तीच होते. मात्र मृत्युपत्रांची भाषा ठरावीक साच्याची असल्याने पाच-सहा वाचली की उरलेली सोपी जातात.

मृत्युपत्र कुठे शोधायचे, हे वसाहतीवर अवलंबून आहे, आणि नवख्या माणसाचा सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो. व्हर्जिनियात ती काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, न्यायालयात सिद्ध होत. पेनसिल्व्हेनियात काउंटीनिहाय वेगळे निबंधक असत. न्यू जर्सीत वसाहतकालीन मृत्युपत्रे प्रांताच्या सचिवाकडे जात, त्यामुळे आज ती ट्रेंटनमधील राज्य अभिलेखागारात एकत्र आहेत. मेरीलँडमध्ये १७७७ पर्यंत संपूर्ण प्रांतासाठी एकच न्यायालय ॲनापोलिसला होते, आणि साउथ कॅरोलायनात बराच काळ सारे काम चार्ल्सटनला चाले. ऱ्होड आयलंडमध्ये तर हे काम गावपातळीवर होते. नुकसानीचा विचारही याच वेळी करावा. अमेरिकेच्या यादवी युद्धात व्हर्जिनियातील अनेक काउंट्यांनी आपली दप्तरे सुरक्षिततेसाठी रिचमंडला पाठवली होती आणि ३ एप्रिल १८६५ च्या आगीत ती जळून गेली. म्हणून घराणे कोणत्या काउंटीत होते हे कळल्यावर, तिथली दप्तरे शिल्लक आहेत का हे आधी तपासावे. नसतील तर क्रम उलटा करून लष्करी नोंदींकडे जाणे शहाणपणाचे ठरते.

लष्करी नोंदींचे मात्र एक गठ्ठा म्हणून मूल्यमापन करू नये. त्यांचे दोन अगदी वेगळे थर आहेत. पहिला थर वसाहतकालीन युद्धांचा, म्हणजे न्यू इंग्लंडमधील वसाहतवाले व मूळ रहिवासी यांच्यातील १६७५-७६ च्या किंग फिलिप युद्धापासून, ब्रिटन व फ्रान्स यांच्यातील १७५४-६३ च्या फ्रेंच व इंडियन युद्धापर्यंतचा. यातले बहुतेक कागद हजेरीपट आणि पगारपत्रके आहेत: नाव, तुकडी, दिवस, रक्कम. अपवाद आहेत आणि ते मोलाचे आहेत. व्हर्जिनिया रेजिमेंटच्या १७५६-५८ च्या काही याद्यांत सैनिकाचे वय, उंची, व्यवसाय आणि जन्मदेश दिलेला आहे, आणि त्या वॉशिंग्टन यांच्या कागदपत्रांत जपल्या गेल्या. दुसरा अपवाद जमिनीच्या बक्षिसाचा. मॅसॅच्युसेट्सने किंग फिलिप युद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या वारसांना १७३० च्या दशकात नवी गावठाणे दिली. युद्धाला तोवर साठ वर्षे होत आली असल्याने दावेदार बहुतेक मुले, नातू किंवा पुतणे होते, आणि दाव्यांच्या याद्यांत सैनिक व दावेदार ही जोडी शेजारी-शेजारी येते. १७६३ च्या राजघोषणेने फ्रेंच व इंडियन युद्धातील कॅप्टनला ३,००० एकर, तर साध्या शिपायाला ५० एकर जमीन देऊ केली. त्यावरचे दावे आणि त्यांचे हस्तांतर यांतूनही वारस उघड होतात.

दुसरा थर स्वातंत्र्ययुद्धाचा, आणि इथे तराजू बदलतो. १८०० साली युद्ध विभागाच्या कार्यालयाला लागलेल्या आगीत मूळ सेवानोंदी मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. पुढे गोळा केलेल्या हजेरीपटांवरून सैनिकनिहाय संकलन झाले खरे, पण त्यातही सेवेपलीकडे फारसे काही नाही. खरा खजिना निवृत्तिवेतनाच्या फायलींत आहे. १८१८ च्या कायद्याने गरजू सैनिकांना आणि १८३२ च्या कायद्याने किमान सहा महिने सेवा केलेल्या जवळजवळ सर्वांना, मिलिशियासह, निवृत्तिवेतन मिळू लागले. १८३२ नंतरचा अर्जदार जन्म कुठे व कधी झाला, सेवा कुठे केली आणि युद्धानंतर कुठे-कुठे राहिला हे शपथेवर सांगे. घराणे व्हर्जिनियातून केंटकीला आणि तिथून इंडियानाला गेले असेल तर तो प्रवास एवढ्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा कागद मिळणे कठीण. १८३६ नंतर विधवांनाही हक्क मिळाला, आणि लग्न सिद्ध करण्यासाठी कित्येकींनी घरच्या बायबलमधली मुलांच्या जन्मतारखांची पाने फाडून अर्जाला जोडली. ती पाने आजही फायलींत आहेत. सुमारे ८०,००० फायलींचा हा संच अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असून त्याच्या प्रतिमा अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनाशुल्क पाहता येतात.

या फायलींबद्दल दोन सावधगिऱ्या बाळगाव्यात. सत्तरी-ऐंशीतल्या माणसाने पन्नास वर्षांनी दिलेली साक्ष असल्याने अधिकाऱ्यांची नावे आणि लढायांचा क्रम चुकतो. जन्मस्थळ आणि मुलांची माहिती तुलनेने विश्वासार्ह असते. दुसरे म्हणजे, १८१८ पूर्वी वारलेल्या सैनिकाची अशी फाईल बहुधा नसते, जखमी किंवा अपंग म्हणून वेतन मिळालेले असेल किंवा विधवेने पुढे अर्ज केला असेल तर गोष्ट वेगळी. नोंदलेले नावही प्रत्येक वेळी खरे नसते: डेबोरा सॅम्पसन ही स्त्री १७८२ मध्ये रॉबर्ट शर्टलिफ या नावाने सैन्यात दाखल झाली होती. राजनिष्ठ, म्हणजे ब्रिटिश राजाच्या, बाजूने लढलेल्यांची कागदपत्रे तर अमेरिकेत शोधून उपयोग नाही. त्यांनी ब्रिटिश सरकारकडे केलेल्या नुकसानभरपाईच्या दाव्यांसाठी लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावे लागते, आणि हे दावे कौटुंबिक तपशिलाने भरलेले असतात.

खर्चाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. फॅमिलीसर्च या विनाशुल्क संकेतस्थळावर काउंटीनिहाय मृत्युपत्रांच्या प्रतिमा मोठ्या संख्येने आहेत, आणि २०२४ पासून तिथे हस्तलिखित मजकुरात थेट शब्द शोधण्याची सोय झाल्याने, साक्षीदार किंवा शेजारी म्हणून आलेले नावही सापडू लागले आहे. माझ्या मते या एका सोयीमुळे मृत्युपत्रांचे पारडे पूर्वीपेक्षा जड झाले आहे. अँसेस्ट्री आणि फोल्ड-थ्री या सशुल्क संकेतस्थळांची वर्गणी घेण्याआधी विनाशुल्क मार्ग संपवावेत.

ज्यांचे पूर्वज गुलामगिरीत होते, त्यांच्यासाठी मात्र हा निर्णय जवळजवळ आधीच झालेला असतो. मालकाच्या मृत्युपत्रात आणि मालमत्तेच्या मोजदादीत, गुरे व भांड्यांच्या शेजारी किंमत लावून, त्यांची नावे लिहिलेली असतात. वाचवत नाही असा हा कागद असला तरी कित्येकदा आई आणि मुले एकत्र नोंदलेली तोच एकटा दाखवतो. वॉशिंग्टन यांच्या गुलामगिरीतले विल्यम ली हे संपूर्ण स्वातंत्र्ययुद्धात त्यांच्या सोबत होते, पण सैनिक म्हणून त्यांची भरती झालेली नव्हती. त्या सेवेचा उल्लेख आहे तो वॉशिंग्टन यांच्या जुलै १७९९ च्या मृत्युपत्रात, जिथे ली यांना तत्काळ मुक्त करून वर्षाला तीस डॉलर देण्याची तरतूद केलेली आहे.

तेव्हा निवड करताना शोधातल्या सर्वांत जुन्या निश्चित पूर्वजाचे मृत्युवर्ष पाहावे. तो १८३२ नंतर जिवंत असेल, किंवा त्याची विधवा १८३६ नंतर जिवंत असेल, तर निवृत्तिवेतनाची फाईल आधी मागवावी, कारण एका फायलीत दोन-तीन पिढ्या हाती लागण्याची शक्यता तिथे सर्वाधिक आहे. तो १८१८ पूर्वी वारला असेल आणि त्याची विधवाही १८३६ नंतर जिवंत नसेल तर सरळ काउंटीची मृत्युपत्रे घ्यावीत आणि हजेरीपट नंतर, ओळख पक्की करण्यापुरते, पाहावेत. डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशनसारख्या, स्वातंत्र्ययुद्धात सेवा केलेल्यांच्या स्त्री-वंशजांच्या, १८९० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे सदस्यत्व हा उद्देश असेल तर सेवेचा पुरावा अपरिहार्य आहे, म्हणून तिथे सुरुवात लष्करी नोंदीपासून करणे योग्य. परंतु अर्जदारापासून त्या सैनिकापर्यंतची प्रत्येक पिढीची कडीही तितक्याच काटेकोरपणे सिद्ध करावी लागते, आणि सैनिकाचा मुलगा व नातू यांच्यामधली कडी जोडताना पुन्हा काउंटीच्या न्यायालयातील मृत्युपत्रांची नोंदवहीच बहुधा उघडावी लागते.